गंज, जस्त आणि गोठ्याचा पत्रा



लागण, खोडवा आणि खतांचे हप्ते यांविषयी आम्ही नेहमी लिहितो. या खेपेचा विषय थोडा वेगळा आहे, पण तुमच्या खिशाशी त्याचा जवळचा संबंध आहे. गटात फिरताना पुष्कळ ठिकाणी दिसते, की पडवीवरचा पत्रा ठणठणीत आहे आणि त्याच सुमारास घातलेल्या गोठ्याच्या पत्र्याला मात्र भोके पडली आहेत. असे का होते ते समजून घेतले, तर पुढचा खर्च वाचेल.

पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की लोखंड गंजते. त्यात मीठ किंवा खत मिसळले की गंजण्याचा वेग वाढतो. रंग हा नुसता पडदा असतो. ओरखडा पडला की तिथून गंज आत शिरतो. जस्ताचे तसे नाही. लोखंडाच्या आधी ते स्वतः झिजते. म्हणून बारीक ओरखडा पडला तरी शेजारचे जस्त उघड्या लोखंडाला सांभाळते. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याच्या पद्धतीचे पेटंट फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ साली घेतले. आजही तीच रीत आहे. टाकीतले जस्त साधारण ४५० अंश सेल्सिअसला ठेवतात.

जस्त झिजत जाते, म्हणून थर जेवढा जाड तेवढे पत्र्याचे आयुष्य जास्त. हा थर चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये, दोन्ही बाजू मिळून सांगतात. २७५ ग्रॅम म्हणजे एका बाजूला सुमारे १९ मायक्रॉन, तर १२० ग्रॅम म्हणजे जेमतेम ८ मायक्रॉन. दुकानात दोन्ही पत्रे सारखेच चकचकीत दिसतात! तेव्हा पत्र्याची जाडी विचारता, तसे जस्त किती तेही विचारावे आणि पावतीवर लिहून घ्यावे.

१९७२ साली अमेरिकेतील बेथलहेम स्टील कंपनीने नवे मिश्रण बाजारात आणले. त्यात ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, सुमारे ४३.४ टक्के जस्त व १.६ टक्के सिलिकॉन असते. मोकळ्या हवेत हा पत्रा साध्या जस्ती पत्र्यापेक्षा पुष्कळ जास्त टिकतो. घर, पडवी, पंपाची खोली यांना तो उत्तम. मात्र गोठ्यात शेण-मुताचा अमोनिया ओलाव्याबरोबर पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटतो, आणि असला क्षार अ‍ॅल्युमिनियमला खातो. म्हणून बंदिस्त गोठ्यासाठी तो पत्रा नको. महाग ते सगळीकडे चांगले, असे नसते.

यापुढची पायरी जपानमध्ये २००० च्या सुमारास गाठली गेली. निशिन स्टील कंपनीने जस्तात ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम व ३ टक्के मॅग्नेशियम घातले. कापलेल्या कडेवर मॅग्नेशियम मिसळलेल्या जस्ताच्या संयुगांची दाट साय धरते आणि उघडे लोखंड झाकले जाते. जखमेवर खपली धरावी तसेच हे. अशा लेपाचे लोखंड सौर पॅनेलच्या सांगाड्यांना वापरतात. अमोनियातही ते अधिक तग धरते.

आता घरी करायच्या गोष्टी :

१. गोठ्याला जास्त ग्रॅमचा जस्ती पत्रा घ्यावा. आढ्याला व बाजूंना वारा खेळता ठेवावा, म्हणजे अमोनिया कोंडत नाही.

२. नवे पत्रे ओले असताना एकावर एक रचू नयेत, त्यांच्यावर पांढरा गंज चढतो. आडवी लाकडे घालून ते थोडे उतरते ठेवावेत.

३. खताची पोती पत्र्याला टेकवू नयेत. पोटॅशमधले क्लोराईड लोखंडाचे वैरी आहे. खत वाहिलेली ट्रॉली त्याच दिवशी धुऊन वाळवावी.

४. जस्ती पाइपाला वेल्डिंग केले की तिथले जस्त जळते. तो भाग घासून जस्ताचा रंग द्यावा. वेल्डिंगचा धूर नाकात गेल्यास थंडी-ताप भरतो. काम उघड्यावर करावे.

५. जस्ती पाइपाला पितळेचा किंवा तांब्याचा भाग थेट जोडू नये. दोन धातूंत पाणी आले की जस्त लवकर संपते. मध्ये प्लॅस्टिकचा जोड द्यावा.

पत्रा एकदाच घ्यायचा असतो. घाईत न घेता, तो कुठे बसवायचा ते आधी ठरवून घ्यावा, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी