तुसाची राख आणि निर्मळ पाणी

भाताच्या गिरणीत साळ भरडली की तांदूळ एकीकडे पडतो आणि तूस दुसरीकडे. तांदळाला गिऱ्हाईक मिळते. तुसाला सहसा मिळत नाही. शंभर किलो साळीमागे सुमारे वीस किलो तूस निघते, आणि ते इतके कठीण व निःसत्त्व असते की गुरेसुद्धा त्याला आवडीने तोंड लावीत नाहीत. भंडारा, गोंदिया अशा भातपिकाच्या भागांत गिरण्यांपाशी त्याचे मोठाले ढीग साचतात. पुष्कळ ठिकाणी ते भट्टीत जाळतात. मग तुसाचे ढीग जातात व राखेचे ढीग येतात.

ही राख अगदीच निरुपयोगी मात्र नव्हे. पूर्वी घरोघरी तिने भांडी घासत, तिची राखुंडी करून दातही घासत. तिच्या अंगी हा गुण कोठून आला? भाताचे रोप मुळांवाटे पाण्याबरोबर सिलिका शोषून घेते. सिलिका म्हणजे वाळूचा मुख्य घटक. तो तुसात साठतो. तूस जळले की बाकीचा बहुतेक भाग जळून जातो आणि सिलिकेचा सांगाडा तेवढा उरतो. या सांगाड्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. आच मात्र बेताची हवी. ती फार प्रखर झाली तर छिद्रे बुजून जातात.

पुणे शहरात १९८१ साली टाटा उद्योगसमूहाची एक संशोधनसंस्था स्थापन झाली. टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाईन सेंटर हे तिचे नाव. तेथील शास्त्रज्ञांनी या राखेचा पाणी गाळण्यासाठी उपयोग करण्याचे ठरविले. दूषित पाण्याने अतिसार, विषमज्वर, कावीळ असे रोग होतात आणि त्यांत लहान मुलांचे प्राणही जातात. पाणी उकळावे, तर सरपण हवे. यंत्राने शुद्ध करावे, तर बहुधा वीज हवी व घरात नळही हवा. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नाही, त्यांनी काय करावे?

राख, सिमेंट व खडे यांचा थर घातलेले एक साधे गाळणयंत्र संस्थेने तयार केले. त्याचे नाव 'सुजल'. वरच्या भांड्यात पाणी ओतावे. ते थरातून झिरपून खालच्या भांड्यात जमे. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीच्या प्रचंड लाटांनी दक्षिण किनाऱ्यावर हाहाकार उडविला, तेव्हा आपद्ग्रस्तांना अशी यंत्रे देण्यात आली.

तरीही 'सुजल' पुरेसे नव्हते. पाणी नितळ दिसे, पुष्कळसे जंतू थरात अडकत. पण काही निसटून जात. नितळ दिसणाऱ्या पाण्यानेही माणूस आजारी पडू शकतो, म्हणून शास्त्रज्ञांना एवढ्यावर थांबता येईना. चांदीमुळे जंतू मरतात, ही गोष्ट फार दिवसांपासून ठाऊक होती. पण चांदी महाग! तेव्हा तिचे अतिसूक्ष्म कण करून ते राखेवर घट्ट बसविण्यात आले. हे कण इतके लहान की आपला केसही त्यांच्या हजारो पट जाड ठरावा. कण लहान झाले म्हणजे तेवढ्याच चांदीचा कितीतरी अधिक पृष्ठभाग पाण्याला लागतो. त्यामुळे थोडक्या चांदीत काम भागते. राखेने पाणी गाळावयाचे आणि चांदीने जंतू मारावयाचे, अशी ही वाटणी झाली.

डिसेंबर २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' या नावाने हे यंत्र बाजारात आले. त्याची किंमत हजार रुपयांच्या आत होती. त्याला वीज लागत नसे, नळही लागत नसे. राखेची एक नळकांडी सुमारे तीन हजार लिटर पाणी शुद्ध करी. तिची शक्ती संपली की पाण्याचा प्रवाह आपोआप बंद होई. ही शेवटची युक्ती विशेष महत्त्वाची, कारण निकामी झालेले गाळण बाहेरून मुळीच ओळखू येत नाही.

राखेने सगळेच दोष जातात असे मात्र नाही. पाण्यात विरघळलेले क्षार या थरातून जसेच्या तसे पार होतात. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आढळते आणि त्याने दात व हाडे बिघडतात. तेथे ही राख चालत नाही. तेथे वेगळाच उपाय योजावा लागतो.