बिनतारी जाळ्यातील संदेशांची टक्कर व तिचे निवारण

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओचालकांनी लातूर जिल्ह्यातून निरोप पोहोचविण्याचे मोलाचे कार्य केले. अशा संपर्कात एकाच लहरीवर दोघे एकदम बोलले, तर दोघांचेही निरोप वाया जातात. शाळा, महाविद्यालये व पंचायत कार्यालये यांतील वाय-फाय जाळ्यासही हाच नियम लागू पडतो.

१९७१ मध्ये सुरू झालेल्या हवाई विद्यापीठाच्या ‘अलोहा’ जाळ्यात प्रत्येक केंद्र वाटेल तेव्हा संदेश पाठवीत असे. त्यामुळे टकरी होऊन वाहिनीची जास्तीत जास्त सुमारे १८ टक्के क्षमताच कामी येऊ शके. १९९७ च्या वाय-फाय मानकात यावर उपाय योजण्यात आला. यंत्र प्रथम वाहिनी ऐकते. ती मोकळी झाल्यावर प्रत्येक यंत्र वेगवेगळा, अनियमित काळ थांबून मगच संदेश पाठविते. स्वतः बोलत असताना त्यास दुसऱ्याचा संदेश ऐकू येत नाही. म्हणून टक्कर झाल्याचे अनुमान पोच न आल्यावरूनच काढावे लागते. त्यानंतर प्रतीक्षेची मर्यादा सुमारे दुप्पट होते व संदेश पुन्हा जातो.

भिंतीआडची दोन यंत्रे परस्परांस ऐकू शकत नसल्यास मध्यवर्ती यंत्राकडे आधी परवानगी मागण्याची सोय आहे. त्याचे उत्तर ऐकून इतर यंत्रे गप्प राहतात.

नांदेड वा लातूर येथील शाळांनी शेजारच्या खोल्यांतील यंत्रांसाठी २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील १, ६ व ११ या वाहिन्या निवडाव्यात. जागचे न हलणारे संगणक तारेने जोडावेत. दाखल्यासाठी किंवा परीक्षेच्या अर्जासाठी तिष्ठणाऱ्यांचा वेळ एवढ्या दक्षतेनेही वाचू शकेल.