घरशाळेतील वेळापत्रक आणि दहावी

प्रश्न : दहा आणि सात वर्षांच्या मुलांना घरीच शिकविताना शाळेसारखे तास ठेवावेत का? पुढे दहावीचे काय?

उत्तर : घरशाळेत, म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली घरीच होणाऱ्या शिक्षणात, हजेरी, शिस्त आणि वह्यांच्या गठ्ठ्यांवर जाणारा वेळ वाचत असल्याने तासांची घंटा घरात आणण्याचे प्रयोजन उरत नाही. गणित व वाचन हे क्रमबद्ध विषय, म्हणजे ज्यांत पुढची पायरी आधीच्या पायरीवर उभी असते असे विषय, प्रत्येकाला स्वतंत्रपणे आणि शक्यतो सकाळी शिकवावेत. परिसर अभ्यास मात्र एकत्र करावा. पावसाळ्यात उभ्या कडांच्या भांड्यात साठलेल्या पाण्याची उंची धाकट्याने पट्टीने मोजावी आणि थोरल्याने तिचा आठवड्याचा आलेख काढावा, म्हणजे एकाच भांड्यातून दोन इयत्तांचा अभ्यास होतो. पोहणे, तबला, चित्रकला यांचे वर्ग मोजकेच असावेत, कारण रिकामी दुपार हाही अभ्यासक्रमाचाच भाग होय, जरी हे पालकांना सहसा पटत नसले तरी.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा ६ ते १४ वयोगटातील पाल्यास शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य पालकांवर टाकतो, परंतु त्यात पालकांसाठी दंडाची तरतूद नाही, आणि घरशाळा या संदिग्धतेतच चालते. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त शिक्षण संस्थेचा, म्हणजेच एनआयओएसचा, मार्ग आहे. तेथे १४ वर्षे पूर्ण झाल्यावर माध्यमिक स्तरासाठी नोंदणी होते आणि किमान पाच विषयांत पाच वर्षांच्या आत, एकेक करूनही, उत्तीर्ण होता येते.