मूल मोठं झालं, कारसीट कधी बदलायची?
अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरांकडून नव्याने आलेल्या आईबाबांसाठी

बाळ वर्षाचं झालं, इन्फंट सीटमध्ये अवघडल्यासारखं दिसतं, आता पुढे कुठली सीट घ्यायची? नव्याने अमेरिकेत आलेल्या घरांतून हा प्रश्न हटकून येतो. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास आणि सिअॅटलच्या आसपास बरीच वर्षं राहून मुलं वाढवलेल्या मराठी घरांचे सल्ले इथे एकत्र केले आहेत. कुठल्या कंपनीची घ्यावी यावर मतं वेगवेगळी आली. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: सीट बदलणं म्हणजे मुलाला वरच्या इयत्तेत घालणं नव्हे. मागे तोंड करून बसण्याकडून पुढे तोंड करण्याकडे, तिथून बूस्टरकडे (मुलाला उंच बसवून गाडीचाच पट्टा नीट लागू देणारी सीट) आणि शेवटी नुसत्या पट्ट्याकडे जाताना प्रत्येक वळणावर संरक्षण थोडं कमी होतं. तेव्हा आहे त्या टप्प्यावर जितका काळ राहता येईल तितका राहा.

सीट खरंच लहान झाली आहे का?

बहुतेक इन्फंट सीटची वजनाची मर्यादा 30 किंवा 35 पौंड, म्हणजे साधारण साडेतेरा ते सोळा किलो असते. उंचीची मर्यादा 30 ते 32 इंच, म्हणजे 76 ते 81 सेंटिमीटर. बरीचशी मुलं वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान ही उंची गाठतात, तेव्हा वजन मात्र मर्यादेच्या बरंच खाली असतं. त्यामुळे नुसतं वजन बघून 'अजून वर्षभर चालेल' असं ठरवू नका. डोक्याचा वरचा भाग आणि सीटच्या कवचाची वरची कड यांत किमान एक इंच अंतर हवं. ते उरलं नाही, की वजन काहीही असो, ती सीट संपली.

पाय सीटबाहेर येणं हे सीट लहान झाल्याचं लक्षण नाही. मुलं मांडी घालतात, पाय गाडीच्या आसनाच्या पाठीवर टेकवतात, फाकवतात. त्यांना त्याचा त्रास होत नाही, तो बघणाऱ्या मोठ्यांना होतो.

पुढची सीट घ्या, पण तोंड मागेच ठेवा

इन्फंट सीटनंतर बहुतेकांनी घेतली ती कन्व्हर्टिबल सीट. ती आधी मागे तोंड करून आणि नंतर पुढे तोंड करून वापरता येते. नवी सीट आली की ती लगेच पुढे वळवण्याचा मोह होतो. तो टाळा.

लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं. मानेच्या मणक्यांची हाडं अजून पुरती जुळलेली नसतात, त्यांना बांधणारे स्नायुबंध सैल असतात. समोरून टक्कर झाली आणि मूल पुढे तोंड करून बसलेलं असेल, तर पट्टे धड धरून ठेवतात, पण डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर पाठ, मान आणि डोकं एकत्रच सीटच्या कवचात दाबली जातात आणि धक्का सगळ्या पाठीवर विभागला जातो. अशा सीटची कल्पना स्वीडनमधली. तिथे 1960च्या दशकात बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीरांच्या आसनांवरून ती बेतली, आणि तिथली मुलं चार वर्षांपर्यंत सर्रास मागे तोंड करून बसतात.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना 2011 साली 'दोन वर्षांपर्यंत' म्हणत होती. 2018 साली तिने वयाचा आकडाच काढून टाकला. आता सल्ला असा: सीट मागे तोंड करून वापरण्याची वजनाची किंवा उंचीची कमाल मर्यादा संपेपर्यंत तोंड मागेच ठेवा.

कायदा राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात दोन वर्षांखालच्या मुलाचं तोंड मागेच हवं. वजन 40 पौंड किंवा उंची 40 इंच झाली असेल तरच सूट. न्यू जर्सीत दोन वर्षं आणि 30 पौंड असा हिशेब आहे. वॉशिंग्टन राज्यात 2020पासून दोन वर्षांपर्यंत मागे, चार वर्षांपर्यंत हार्नेस, म्हणजे सीटचे स्वतःचे पट्टे. टेक्सासचा कायदा आठ वर्षांपर्यंत सीट वापरा इतकंच सांगतो, तोंड कुठे ते सांगत नाही. कायदा ही किमान अट आहे. डॉक्टरांचा सल्ला त्याच्या पुढे जातो, आणि पाळायचा तो डॉक्टरांचा.

40 की 50 पौंड?

खोक्यावर मागे तोंड करण्याची मर्यादा 40 किंवा 50 पौंड लिहिलेली असते, म्हणजे 18 किंवा साधारण साडेबावीस किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार मध्यम बांध्याचं मूल 18 किलोला पोचतं ते पाचव्या वर्षाच्या सुमारास. आपली बरीच मुलं सडपातळ असतात, त्यांना आणखी वेळ लागतो. म्हणजे 40 पौंडांची सीटही वजनाच्या बाबतीत खूप पुरते. संपते ती उंची. म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न असा: हिचं कवच किती उंच आहे, आणि मागे तोंड करून उंचीची मर्यादा किती इंच? घरात उंच माणसं असतील तर उंच कवचाची सीट घ्या.

प्रत्यक्ष नावं हवीत तर: ग्रेकोची एक्स्टेंड-टू-फिट 50 पौंडांपर्यंत मागे तोंड करून चालते आणि पायांसाठी पुढे सरकणारी फळी देते. चिकोची नेक्स्टफिट 40 पौंडांची, पण बसवायला सोपी म्हणून अनेकांची आवडती. क्लेकच्या सीट अरुंद, सुमारे 17 इंच रुंदीच्या. मागे तिघांना बसवायचं असेल तर उपयोगी, मात्र महाग. कोस्कोची सेनेरा नेक्स्ट स्वस्त आणि वजनाला जेमतेम दहा पौंड, त्यामुळे दुसऱ्या गाडीसाठी किंवा प्रवासासाठी सोयीची.

किमतीत फार फरक दिसतो, पण अमेरिकेत विकली जाणारी प्रत्येक सीट सरकारच्या 213 क्रमांकाच्या मानकात बसलेली असावीच लागते. जादा पैशांत मिळते ती सोय: सहज घट्ट होणारे पट्टे, धुता येणारं कापड, दाराकडे फिरणारी सीट. कंबर धरलेल्या आजी-आजोबांना फिरणारी सीट फार आवडते. ती जड असते, रोज एका गाडीतून दुसरीत हलवायची असेल तर घेऊ नका.

तुमच्या गाडीत बसते का?

कोरोला किंवा सिव्हिकसारख्या गाडीत मागे तोंड केलेली सीट पुढच्या प्रवाशाचे गुडघे डॅशबोर्डला टेकवते. विकत घेण्याआधी दुकानातली नमुन्याची सीट गाडीत ठेवून बघू देतात का ते विचारा. काही दुकानं देतात. मूल मोठं झालं की बऱ्याच सीट थोड्या उभ्या करता येतात, त्याने पुढे जागा सुटते. किती उभी चालेल ते बाजूच्या खुणेवर दिसतं.

मागची मधली जागा टकरीपासून सगळ्यात लांब असते, पण अनेक गाड्यांत तिथे लॅचचे, म्हणजे सीट गाडीला अडकवायच्या व्यवस्थेचे, खालचे हूक नसतात. जिथे सीट घट्ट बसते ती जागा चांगली. तेरा वर्षांखालच्या मुलाला पुढे बसवू नका.

बसवताना हे तपासा

लॅच किंवा गाडीचा पट्टा, दोन्ही सारखेच सुरक्षित. मॅन्युअलने सांगितल्याशिवाय दोन्ही एकदम वापरू नका. लॅच 2002 नंतरच्या गाड्यांत असतंच, पण खालच्या हुकांना मर्यादा आहे: मूल आणि सीट मिळून 65 पौंड. सीट 25 पौंडांची असेल तर मूल 40 पौंडांचं झाल्यावर पट्ट्याकडे वळायचं. सीटच्या लेबलवर हा आकडा छापलेला असतो.

पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवा. एक इंचाहून जास्त हलता कामा नये. तोंड मागे असेल तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा खाली, तोंड पुढे असेल तर खांद्याच्या रेषेत किंवा वर. खांद्यावरच्या पट्ट्याची चिमटीत घडी येत असेल तर तो सैल आहे. छातीवरची क्लिप काखेच्या उंचीला. तोंड पुढे केलं की सीटचा वरचा भाग गाडीला बांधणारा टेदर पट्टा लावायचाच; तो राहून जाणं ही फार सर्रास दिसणारी चूक.

मनात शंका असेल तर प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून तपासून घ्या. काही अग्निशमन केंद्रं, पोलीस ठाणी आणि रुग्णालयांत ही सोय असते, बहुतेक ठिकाणी फुकट. ते स्वतः बसवून देत नाहीत, तुमच्याकडून बसवून घेतात. जाताना गाडीचं आणि सीटचं अशी दोन्ही मॅन्युअल न्या.

आजी-आजोबा आले की

'रडतंय बिचारं, घे मांडीवर पाच मिनिटं.' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि भांडणाचं कारण होतं. वाद घालण्यापेक्षा हिशेब सांगा. ताशी 30 मैलांनी जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 12 किलोच्या मुलाचा रेटा दीडशे किलोहून जास्त होतो. तेवढं वजन कुणाच्याही हातात राहत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका घराने सासूबाईंनाच हार्नेस बांधायला शिकवलं. मग त्याच दर वेळी पट्टा चिमटीत धरून बघायला लागल्या. मूल रडलंच तर पुढच्या एक्झिटला गाडी थांबवा, घ्या, शांत करा, परत बांधा.

कपडे, खाणं, धुणं

हिवाळ्यात जाड जॅकेट घालून हार्नेस बांधू नका. टकरीत कापूस दबतो आणि पट्टा सैल पडतो. पातळ स्वेटर घालून बांधा, वरून पांघरूण द्या. दिवाळीला परकर-पोलकं घातलंय? परकर वर घेऊन मधला पट्टा दोन पायांमधून नीट जाऊ द्या. वेणी, फुलं किंवा डोक्याची क्लिप मागून टोचत असेल तर काढा.

वरणभाताचे नि हळदीचे डाग पडणारच. कापड यंत्रात धुता येत असेल तर धुवा, पण हार्नेसचे पट्टे कधीही भिजत घालू नका, यंत्रात टाकू नका. सौम्य साबण आणि ओल्या फडक्याने पुसा. पट्ट्याचा धागा कमजोर झाला तर तो डोळ्यांना दिसत नाही.

मंडळाच्या ग्रुपवर आलेली सीट

पहिली झबली जुनी, कुणाच्या तरी बाळाने वापरलेली घालायची ही आपली चांगली रीत. सीटला ती लावायची तर अटी आहेत. देणारं घर तुमच्या खात्रीचं हवं. सीट अपघातात सापडलेली नसावी, तिची मुदत संपलेली नसावी. उत्पादनापासून साधारण सहा ते दहा वर्षांची मुदत कवचावर कोरलेली किंवा लेबलवर छापलेली असते. लेबल, मॅन्युअल आणि सगळे भाग जागेवर हवेत. कंपनीने ती परत बोलावलेली नाही ना, तेही बघा. यातल्या एकाही गोष्टीची खात्री नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. नवी सीट घेतलीत तर सोबतचं नोंदणीकार्ड भरून पाठवा. टार्गेटच्या दुकानांत वर्षातून दोनदा जुनी सीट देऊन सवलतीचं कूपन मिळतं, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये.

भारतवारी

भारतातून येताना सीट आणू नका. 213चं लेबल नसेल तर ती इथे कायद्यात बसत नाही. इथली सीट घेऊन जाणार असाल तर विमानात वापरता येते का ते लेबलवरच्या लाल अक्षरांत असतं. परदेशी विमान कंपनीला आधी विचारून ठेवा. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला तिकीट लागतंच, तेव्हा त्या जागेचा उपयोग करा.

पुण्या-मुंबईत एक अडचण येते. अमेरिकेतल्या बहुतेक गाड्यांचे पट्टे पूर्ण ओढून सोडले की लॉक होतात, भारतातल्या अनेक गाड्यांचे होत नाहीत. त्यामुळे पट्टा पकडणारी कळ स्वतःतच असलेली सीट न्या, किंवा वेगळी लॉकिंग क्लिप घ्या. आणि 'इथे कोण विचारतंय' असं कुणी म्हणालं तर सांगा की 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 194-ब कलम आहे: चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना किंवा सीटविना नेलं तर हजार रुपये दंड.

बूस्टरची घाई नको

हार्नेसची मर्यादा बहुतेक कन्व्हर्टिबल सीटमध्ये 65 पौंड असते. ती संपेपर्यंत बूस्टर घेऊ नका, शाळेतल्या मित्राकडे असला तरी. बूस्टरनंतर नुसता पट्टा चालतो तो उंची साधारण 4 फूट 9 इंच झाल्यावर, म्हणजे आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान.

दुकानात जाण्याआधी आज एवढं करा. मुलाची उंची आणि वजन मोजा, सध्याच्या सीटचं लेबल वाचा, आणि डोक्यावर किती इंच उरलेत ते बघा. इंचभर जागा असेल आणि वजन नि उंची मर्यादेत असेल, तर नवी सीट घ्यायची वेळ अजून आलेली नाही.