खिशातला चाकू निवडताना

प्रश्न : तानसा धरणाजवळच्या गावात आमची थोडी भातशेती आणि आंब्या-काजूची झाडं आहेत. नोकरीसाठी मी रोज आटगावहून लोकलने कल्याणला जातो. दोन्हीकडे उपयोगी पडेल असा, खिशात मावणारा घडीचा चाकू घ्यायचा आहे. चांगला चाकू ओळखायचा कसा? आणि तो जवळ बाळगणं कायद्याने चालतं का?
– एक वाचक, ता. शहापूर

उत्तर : प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण तुमच्या परिसराला तो फार जवळून लागू होतो. तानसा अभयारण्य तुमच्या उंबऱ्याशी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 31 प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. शस्त्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक येते. पण या कायद्यातल्या व्याख्येत बंदूक, धनुष्यबाण, गळ, जाळी आणि फाशांच्या जोडीला चाकूचंही नाव आहे, आणि पात्याच्या लांबीची कोणतीही सवलत त्यात नाही. म्हणजे पेरू कापायचा चाकूसुद्धा त्यात बसतो. अभयारण्यात जाताना चाकू घरी ठेवा. तुमचं शेत किंवा येण्याजाण्याची वाट हद्दीत येत असेल, तर वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्या.

हद्दीबाहेरचा नियम वेगळा आहे. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरकामासाठी आणि शेतीसाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. खिशातला चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही. तरी सणासुदीला, निवडणुकीच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 (1) खाली मनाई आदेश निघतात, आणि या कलमात काठीपासून चाकूपर्यंत सगळं येतं. शहापूर ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत आहे, कल्याण ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या. दोन्हीकडचे आदेश वेगळे निघतात, तेव्हा गावात लागू नसलेला आदेश कल्याणला लागू असू शकतो. अशा काळात लोकलच्या प्रवासात चाकू नकोच.

याच कारणासाठी खटका दाबताच उघडणारा चाकू घेऊ नका. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा चाकू हिंदी सिनेमातल्या गुंडाच्या हाती गेला आणि मिटणारं प्रत्येक पातं लोकांच्या नजरेत संशयाचं झालं. पात्याला नखाने ओढायची खाच असलेला, दोन हातांनी सावकाश उघडणारा चाकू घ्या. असा चाकू पाहून डब्यातला शेजारी दचकत नाही.

आता चाकूकडे वळू. तुमच्याकडे ठाकूर, कातकरी माणसाच्या कमरेला आकडीत कोयता असतो. फांदी तोडणं, काटेरी झुडूप साफ करणं, बांबू चिरणं ही कोयत्याची कामं आहेत आणि ती त्यानेच करावीत. खिशातल्या चाकूचं काम बारीक : सुतळी कापणं, खताच्या गोणीची शिवण सोडवणं, ठिबकची नळी तासणं, फळ सोलणं. या सगळ्याला 7 ते 8 सेंटीमीटरचं पातं पुरतं. जाडी दोन-अडीच मिलिमीटर असावी. जाडजूड पातं दुकानात दणकट वाटतं, पण त्याने कैरी कापायला गेलात तर ती चिरत नाही, फुटते.

पोलाद निवडताना मी सगळ्यात आधी पावसाचा विचार करतो. शहापूर-मुरबाडला वर्षाला 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि चार महिने खिसासुद्धा ओला असतो. लोहार गाडीच्या कमानपाट्याचा कोयता घडवतो, मुरबाडकडच्या म्हशाच्या जत्रेत शेतीची अवजारं मांडलेली दिसतात. या सगळ्याचं पोलाद साधं, कार्बनचं. त्याला धार झकास लागते, पण गंजही लवकर चढतो आणि कैरी कापली की पातं काळं पडतं. कोयता उघडा असतो, पुसला की भागतं. घडीच्या चाकूत पाणी सांध्यात शिरून बसतं आणि तिथे फडकं पोचत नाही. म्हणून तुमच्यासाठी स्टेनलेसच. क्रोमियम साधारण 13 टक्के किंवा त्याहून जास्त असलं की पोलाद पावसाला टिकतं. डी-2 नावाचं पोलाद हल्ली बरंच विकलं जातं. त्यात क्रोमियम 12 टक्क्यांच्या आसपास असतं, पण त्यातलं बरंचसं कार्बनशी बांधलं जात असल्याने त्यावर गंजाचे ठिपके येतात. कोरड्या मुलखात ते उत्तम, तानसाकाठी नको.

कठीणपणा रॉकवेल मापाने मोजतात. 55 ते 58 अंकांचं पातं घरच्या निसण्यावर पंधरा-वीस अंशांच्या कोनात धरून सहज लावता येतं. 60 च्या वरची पाती धार जास्त दिवस धरतात, पण बोथट झाली की साधा दगड दमतो आणि आडवा जोर पडला की कपचा उडतो. ज्याला धार तुम्ही स्वतः लावू शकता, तोच चाकू तुमचा. पात्यावर नुसतं ‘स्टेनलेस’ कोरलेलं असेल आणि कारखान्याचं नाव नसेल, तर हात लावू नका.

दुकानात चाकू हाती घेऊन उघडा आणि पातं डावी-उजवीकडे हलवून पाहा. जरा जरी डुगडुगलं तर परत ठेवा. चाकूचा जीव सांध्यात असतो. मिटल्यावर पातं दोन्ही बाजूंना न घासता मधोमध बसलं पाहिजे. उघडं पातं जागेवर धरणारी अडकवणी (लॉक) असलेला चाकू असेल तर पाठीकडून हलकेच दाबून ती सुटत नाही ना, हे पाहा. बोटं पात्याच्या वाटेत ठेवू नका. अडकवणी नसलेला, नुसत्या कमानीवर टिकणारा चाकूही चांगला असतो, फक्त त्याने भोसकायचं काम करायचं नाही.

फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातला ओपिनेल 1890 पासून बनतो. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर, त्याला फिरणाऱ्या कड्याची अडकवणी, वजनाला हलका, कापायला अप्रतिम. मला तो फार आवडतो. तरी तुम्हाला सुचवत नाही, कारण त्याची लाकडी मूठ पावसात फुगते आणि ऐन आषाढात पातं उघडता उघडत नाही. त्यापेक्षा स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा, ॲल्युमिनियमच्या मुठीचा पायोनिअर बरा. पातं स्टेनलेस, कठीणपणा 56 च्या आसपास, शिवाय पट्ट्याला भोक पाडायची आर त्यातच आहे. नकली माल भरपूर असल्याने अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि पावती जपा. तेवढे पैसे नसतील तर याच कसोट्यांना उतरणारा स्वस्त चाकूही चालेल.

आंब्याची कलमं बांधत असाल तर त्यासाठी वेगळा कलमचाकू ठेवा. त्याचं पातं एकाच बाजूने तासलेलं असतं, म्हणून काप सपाट येतो आणि खुंटाला डोळकाडी नीट चिकटते. सुतळी-गोण्यांना लावलेलं पातं त्या कामाला बाद होतं.

पावसाळ्यात रोज संध्याकाळी चाकू उघडून कोरडा पुसा. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. खोबरेल थंडीत थिजतं, ते पात्यालाच लावा. आणि खरेदी सप्टेंबरपर्यंत लांबवू नका, कारण भात कापणीच्या गर्दीत नव्या पात्याची सवय करून घ्यायला वेळ मिळत नाही.