केमो सुरू असताना एचआयव्हीची गोळी बंद करू नका

गेल्या महिन्यात ओपीडीत एक बाई आल्या. वय 43. गर्भाशयमुखाचा कर्करोग, किरणोपचार चालू, सोबत आठवड्याला एक केमो. अंगात ताप, तोंडात पांढरा थर, थुंकीसुद्धा गिळवत नव्हती. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्यांची, बाटली दाखवा म्हटलं, तर 30 पैकी 27 गोळ्या जशाच्या तशा. अकरा वर्षं ज्यांनी एक दिवस गोळी चुकवली नव्हती, त्यांनी ती आपणहून बंद केली होती.

"जाऊबाई म्हणाल्या, दोन्ही औषधं एकदम गरम पडतात. आधी कॅन्सरचं होऊ दे." गोळीच्या जागी सकाळी गुळवेलीचा काढा आणि गव्हांकुरांचा रस. शिवाय रिपोर्टात सीडी-4 या प्रतिकारशक्तीच्या पेशी 520 वरून 210 वर आलेल्या दिसल्या, तेव्हा त्यांना वाटलं, गोळी तशीही लागू पडत नाही.

हा 'गरम पडण्या'चा समज मला फार छळतो. कारण तो सांगणारं माणूस बहुतेक वेळा जिवाभावाचं असतं.

सीडी-4 कमी का झाल्या ते समजून घ्या. आपलं रक्त हाडांतल्या मगजात तयार होतं आणि त्याचा मोठा साठा कमरेच्या हाडांत असतो. ओटीपोटावर किरणं दिली की तिथल्या मगजालाही झळ बसते, केमोने त्यात भर पडते. आकडा अर्ध्यावर येणं या काळात नवल नाही. गोळी काम करते की नाही हे व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचा आकडा) सांगतो. तो दबलेला असेल तर घाबरू नका. उपचार संपल्यावर सीडी-4 हळूहळू वर येतात; कधी काही महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. पण गोळी बंद केलीत तर विषाणू पुन्हा वाढतो आणि केमोतून वाचलेल्या पेशीही खातो. प्रतिकारशक्ती परत उभी करायची तर तिचा पाया ही रोजची एक गोळीच आहे.

गोळ्या कधी बदलाव्या लागतात, हे मात्र खरं. एआरटीतलं टेनोफोव्हिर आणि केमोतलं सिस्प्लॅटिन दोन्ही मूत्रपिंडावर ताण टाकतात. झिडोव्ह्युडिनने रक्त आणखी उतरतं. रिटोनाव्हिर असलेल्या गोळ्यांमुळे केमोची काही औषधं शरीरात जास्त साठतात. म्हणून कर्करोगाच्या डॉक्टरांपासून एचआयव्ही लपवू नका. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचं आणि भेदभाव न करण्याचं बंधन घातलेलं आहे. बदल डॉक्टरांनी करायचे. घरच्यांनी नाही, मोबाइलवरच्या व्हिडिओने तर नाहीच.

काढ्यांविषयी स्पष्टच सांगतो. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या मुंबईतल्या रुग्णांची नोंद 2021 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. केमोत यकृत आधीच राबत असतं. गव्हांकुरांचा कच्चा रस, उसाचा रस, भेळेवरची कोथिंबीर यांतून जंतू सरळ पोटात जातात. 'प्रतिकारशक्ती वाढवतो' म्हणून भस्माच्या पुड्या विकणाऱ्याला तुमच्या मूत्रपिंडाशी देणंघेणं नाही. वरण-भात, उकडलेलं अंडं, ताजी गरम भाकरी, उकळून गार केलेलं पाणी एवढं नेमाने घ्या. मळमळीने तेही जात नसेल तर सांगा, त्यावर चांगली औषधं आहेत. जळजळ होते म्हणून पातळ अँटासिड मनाने पिऊ नका. एआरटीतल्या डोल्युटेग्राव्हिरची गोळी त्याच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यावी लागते, नाहीतर ती अंगी लागत नाही. संसर्ग टाळण्यासाठी सेप्ट्रानची गोळी दिली असेल तर तीही चालू ठेवा.

आता तापाचं. केमोनंतर 100.4 फॅरनहाइट किंवा वर ताप आला तर त्याच तासाला दवाखाना गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आधी पॅरासिटामॉल घेऊन ताप दाबून ठेवू नका. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून तीन दिवस वाट पाहणारे रुग्ण मी अतिदक्षता विभागात पाहिले आहेत. अंगात हुडहुडी भरणं, कोरडा खोकला आणि चालताना लागणारा दम, गिळताना छातीत दुखणं, न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणं, पिवळे डोळे, वारंवार जुलाब यांतलं काहीही असलं तर ताप नसतानाही या.

त्या बाईंना दाखल केलं, सलाइनमधून औषधं दिली. मूत्रपिंडाची तपासणी पाहून एआरटी पुन्हा सुरू केली, किरणोपचारही पूर्ण झाले. आता त्या वरण-भात गिळू शकतात. परवा जाऊबाईंना सोबत घेऊन आल्या होत्या. मी त्यांना रागावलो नाही. रोज रात्री नऊला गोळीची आठवण करण्याचं काम त्यांच्याकडेच दिलं.

उपचारासाठी दुसऱ्या शहरात राहावं लागणार असेल तर निघण्यापूर्वी आपल्या एआरटी केंद्रात सांगा. तिथल्या केंद्रातून गोळ्या मोफत मिळण्याची सोय होते. काही अडलं तर 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन लावा.