अर्धे नव्हे, पूर्ण मूल

आई एका वंशाची, वडील दुसऱ्या वंशाचे असले की मुलाला ‘तू नक्की कोण?’ हा प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. वयात येताना तो जास्त लागतो. अमेरिकेत आंतरवंशीय विवाहांवरील बंदी १९६७ साली उठली. जनगणनेत एकाहून अधिक वंश नोंदवण्याची मुभा मात्र २००० साली मिळाली. २०२० मध्ये सुमारे ३ कोटी ३८ लाख लोकांनी तशी नोंद केली. आपलीही नातवंडे तिथे अशा घरांत वाढत आहेत. आजी-आजोबांनी त्यांच्या रंगा-केसांवरून थट्टा करू नये. दोन्हीकडच्या भाषा, सण, गोष्टी त्यांना द्याव्यात. मुलाचे उत्तर वयानुसार बदलले, तर तो आजार नव्हे. मात्र झोप-भूक बिघडून उदासी दोन आठवडे टिकल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.